मोटारींतील डिस्ट्रिब्युटर : त्याचें कार्य व निगा

शेतींत वेळेचें महत्त्व काय आहे हें वऱ्हाडांतील शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला म्हणजे तिफण त्याच दिवशीं चालली पाहिजे. तेथें झालेल्या दिरंगाईची भरपाई पुढें कितीहि खत घातलें तरी होत नाहीं. पेट्रोलच्या इंजिनाचेंहि तसेंच आहे. फरक इतकाच कीं, शेतींतील वेळ दिवसांनीं मोजावी लागते व इंजिनांतील वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांनीं. ही वेळ सांभाळण्याचें काम ज्या लहानशा भागाकडे सोंपविलेलें असतें, त्यास डिस्ट्रिब्युटर म्हणतात. गाडी ऐन प्रसंगीं सुरू न होण्याचीं बरींच कारणें या एका भागांत सांपडतात. आणि तीं इतकीं साधीं असतात कीं, थोडें ज्ञान व थोडी स्वच्छता असेल तर मालकास तीं स्वतः दूर करितां येतील.

हा लेख कोणत्या गाड्यांसाठीं आहे तें आरंभींच सांगणें बरें. १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें मुंबईस विलीज जीप जोडण्यास प्रारंभ केला. चारहि चाकांस जोर पोंचविणारी ही गाडी काळ्या मातीच्या चिखलांतून वाट काढीत असल्यामुळें खेड्यांतील शेतकऱ्यास सोयीची वाटली. पुढें फियाट व अॅम्बेसेडर या मोटारीहि आल्या. पेट्रोलवर चालणाऱ्या या जुन्या गाड्यांत पॉइंटाचा डिस्ट्रिब्युटर असतो व ज्यांनीं त्या अद्याप जतन केल्या आहेत त्यांच्यासाठीं हें विवेचन आहे. डिझेल इंजिनास ठिणगी लागतच नाहीं, म्हणून विहिरीवरील डिझेल इंजिनास किंवा डिझेल ट्रॅक्टरास यांतील कांहीं लागू नाहीं. अलीकडच्या पेट्रोल गाड्यांतूनहि हा भाग गेला असून तेथें बहुधा प्रत्येक प्लगास निराळी कॉइल असते. परंतु नेमक्या याच कारणानें जुन्या गाडीच्या मालकानें सावध झालें पाहिजे. पॉइंट हातानें लावण्याचें काम जाणणारे जुने मिस्त्री दिवसेंदिवस थकत आहेत, आणि नव्या मिस्त्र्यास ते काम करण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ज्याची गाडी त्यानेंच आतां तिचें हें अंग समजून घ्यावें हें उत्तम.

ठिणगी कोठून येते

बॅटरीची वीज सहा किंवा बारा व्होल्टची असते. प्लगाच्या दोन टोंकांमधील फट, तीहि सिलिंडरांत दाबलेल्या हवा व पेट्रोलच्या मिश्रणांतून ओलांडावयाची, तर पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब लागतो. दाबाची ही वाढ कॉइल करिते. कॉइलमध्यें लोखंडी गाभ्याभोवतीं जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. जाड तारेंतून बॅटरीचा प्रवाह वाहूं लागला म्हणजे गाभ्यांत चुंबकत्व येतें. तो प्रवाह एकाएकीं तोडला म्हणजे हें चुंबकत्व ओसरतें आणि त्याच क्षणीं बारीक तारेंत प्रचंड दाब उत्पन्न होतो. पंपाच्या लांब नळांतून वेगानें वाहणारें पाणी झडप लावून एकदम अडविलें तर नळास जोराचा हिसका बसतो. त्यासारखाच हा प्रकार आहे. हिसका पाणी वाहण्यानें बसत नाहीं, तें अडविण्यानें बसतो. त्याचप्रमाणें ठिणगी पॉइंट मिटतांना पडत नाहीं, उघडतांना पडते. ही एक गोष्ट ध्यानांत राहिली म्हणजे पुढील सर्व विषय सोपा होतो.

प्रवाह तोडण्याचें काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटांतील दोन लहान धातूच्या टिकल्या करितात. त्यांनाच पॉइंट म्हणतात. एक टिकली स्थिर असते व दुसरी स्प्रिंगच्या जोरावर तिला टेकलेली असते. मधोमध फिरणाऱ्या दांड्यास चार कोपऱ्यांचा कॅम असतो. त्याचा प्रत्येक कोपरा चल टिकलीच्या फायबरच्या टांचेस ढकलतो व पॉइंट उघडतात. शेजारींच बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर बसविलेला असतो. पॉइंट उघडतांना प्रवाह त्यांच्यामधून उडी मारूं पाहतो. कंडेन्सर तो क्षणभर आपल्यांत सामावून घेतो. त्यामुळें प्रवाह झटक्यानें तुटतो व पॉइंट जळत नाहींत. कंडेन्सर निकामी झाला तर ठिणगी प्लगांत पडावयाची ती पॉइंटांतच पडूं लागते.

बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची ही योजना अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीसाठीं प्रचारांत आणिली. पुढें अर्ध्या शतकाहून अधिक काळ जगांतील बहुतेक पेट्रोल मोटारी याच योजनेवर चालल्या.

वांटणी कशी होते

कॉइलमध्यें उत्पन्न झालेली वीज एका जाड तारेनें डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या मध्यभागीं येते. तेथें स्प्रिंगवर बसविलेला कोळशाचा लहानसा खुंटा असतो. तो ही वीज खालीं फिरणाऱ्या रोटरास देतो. रोटर फिरतां फिरतां टोपीच्या कडेवरील चार पितळी तोंडांसमोरून जातो व ज्याची पाळी असेल त्या तोंडांत वीज सोडतो. तेथून ती त्या सिलिंडराच्या प्लगाकडे जाते. ओलीत करितांना पाटाचें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत वळविणारा गडी जें काम करितो, तेंच रोटर येथें करितो. मात्र वाफे ओळीनें भिजतात, सिलिंडर ओळीनें पेटत नाहींत. विलीज जीप, फियाट व अॅम्बेसेडर या तिन्हींच्या चार सिलिंडरी इंजिनांत पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे. टोपीच्या तारा काढून उलटसुलट बसविल्या तर इंजिन खोकतें, धडधडतें किंवा चालतच नाहीं. यासाठीं चारहि तारा एकदम कधींच काढूं नयेत. एक काढावी, पुसावी व जागेवर बसवावी, मग दुसरीस हात लावावा.

या कामाचा वेग किती आहे पाहा. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हां डिस्ट्रिब्युटरचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल तर डिस्ट्रिब्युटर १५०० फेरे करितो व प्रत्येक फेऱ्यांत चार, म्हणजे मिनिटास ६००० ठिणग्या पडतात. सेकंदाला शंभर वेळां पॉइंट उघडतात व मिटतात. इतकें काम करणाऱ्या भागास वर्षानुवर्षें उघडूनहि पाहूं नये हें न्यायाचें नव्हे.

ठिणगीची योग्य वेळ

दट्ट्या वर चढून मिश्रण दाबून धरितो तेव्हां ठिणगी पडावयाची. परंतु मिश्रण पेटून पूर्ण जोर येण्यास थोडा काळ लागतो, म्हणून दट्ट्या माथ्यावर पोंचण्याच्या किंचित् आधीं ठिणगी पाडावी लागते. जुन्या विलीज जीपच्या इंजिनांत ही आघाडी मूळ ५ अंशांची ठेवतात.

ठिणगी फार आधीं पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यावर खालीं ढकलणारा जोर बसतो व चढावर इंजिनांतून खणखण ठोका ऐकूं येतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतांना हा आवाज सतत येत असेल तर गाडी तशीच रेटूं नये. दट्ट्यास व बेअरिंगांस इजा होते. हॅण्डल मारून गाडी सुरू करणारास तर ही चूक अधिकच घातक आहे. इंजिन उलट झटका देतें व हॅण्डल मनगटावर आदळून हाड मोडूं शकतें. म्हणून हॅण्डल धरितांना आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, त्याचा विळखा घालूं नये, आणि हॅण्डल खालून वर ओढावें. उलट ठिणगी उशिरां पडली तर जोर कमी पडतो, पाणी उकळूं लागतें, पेट्रोल अधिक लागतें व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा जळतात. ठोका ऐकूं येतो म्हणून तो लवकर कळतो. उशीर मात्र मुकाट्यानें पैसा खातो.

इंजिनाचा वेग वाढला म्हणजे ठिणगीस आणखी आघाडी द्यावी लागते. याकरितां डिस्ट्रिब्युटरच्या तळाशीं स्प्रिंगांनीं बांधलेलीं दोन लहान वजनें असतात. गोफण जसजशी वेगानें फिरवावी तसतसा तिच्यांतील दगड बाहेर ओढ घेतो. त्याच न्यायानें हीं वजनें बाहेर सरकतात व कॅमास थोडा पुढें वळवितात. हीं वजनें गंजून अडकलीं तर गाडी हळू चालतांना ठीक, परंतु वेग घेत नाहीं. अॅम्बेसेडरसारख्या गाडींत याखेरीज एक पडद्याची डबी असते. इंजिनावर ओझें कमी असेल तेव्हां कार्बुरेटरकडील ओढीनें ती आघाडी वाढविते. तिच्या बारीक नळीस चीर गेली तर पेट्रोलचा खर्च वाढतो.

वऱ्हाडच्या हवेंत होणारे बिघाड

आमच्या प्रांतांत या भागाचे चार शत्रु आहेत.

पहिला शत्रु उन्हाळा. अकोल्याचा पारा मे महिन्यांत ४५ अंशांच्या वर जातो. इंजिनाच्या झांकणाखालीं तर याहून किती तरी अधिक ताप असतो. कॅमावरील ग्रीस वितळून जातें व फायबरची टांच कोरडी घासूं लागते. टांच झिजली कीं पॉइंटांमधील फट कमी होते, आणि फट कमी झाली कीं ठिणगी उशिरां पडते. हा बिघाड हळूहळू होत असल्यानें लक्षांत येत नाहीं; "गाडी म्हातारी झाली" असें म्हणून मालक स्वस्थ बसतो.

दुसरा शत्रु काळ्या मातीची धूळ व कापसाची तूस. जिनिंगच्या आवारांत गाडी उभी राहिली म्हणजे ही तूस टोपीच्या तोंडांमध्यें व तारांवर बसते. कोरडी असेतों ती फारशी बाधत नाहीं, पण ओल लागली कीं तीच विजेची पायवाट होते.

तिसरा शत्रु पावसाळी ओल. टोपीच्या आंतून दंव धरलें म्हणजे वीज प्लगाकडे न जातां टोपीच्या पृष्ठावरून वाहून जाते. एकदां गेलेली वीज तेथें केसासारखी काळी रेघ उमटविते, व पुढें कोरड्या हवेंतहि त्याच वाटेनें जाते. अशी रेघ किंवा चीर दिसली तर टोपी बदलावी. पुसून किंवा खरवडून तिचा भरंवसा धरूं नये.

चौथा शत्रु खारें पाणी. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरींचें पाणी खारट असतें. त्या पाण्यानें इंजिन धुतलें तर वाळल्यावर टोपीवर व तारांवर क्षाराचा पातळ थर राहतो; तो हवेंतील ओल ओढून घेतो व विजेस वाट देतो. अशा गांवीं इंजिन धुवूं नये, कोरड्या कापडानें पुसावें.

नियमित निगा

निगा वर्षांतून दोनदां अवश्य करावी : एकदां मृगापूर्वीं, वखर-तिफणीची दुरुस्ती होते तेव्हां, व एकदां दिवाळीच्या सुमारास, कापूस घरीं येऊं लागतो तेव्हां. गाडीचा वापर रोजचा असेल तर दर पांच हजार किलोमीटरांस पुन्हां पाहावें. साहित्य थोडेंच लागतें : पेचकस, पाना, फट मोजण्याच्या पोलादी पट्ट्या म्हणजे फिलर गेज, बारीक कानस, स्वच्छ कापड, थोडें ग्रीस व तेल. काम करण्यापूर्वीं चावी बंद करावी, बॅटरीची एक तार सोडावी, जवळ विडी पेटवूं नये, आणि उपरण्याचा किंवा धोतराचा सोगा खोंचून घ्यावा.

प्रथम टोपी काढून आंतून-बाहेरून कोरड्या कापडानें पुसावी. कोळशाचा खुंटा दाबून तो मोकळा वरखालीं होतो कीं नाहीं तें पाहावें. रोटर सरळ वर उपसून काढावा व त्यास चीर आहे काय तें पाहावें. नंतर पॉइंट उघडून त्यांचीं तोंडें पाहावीं. तीं राखी रंगाचीं व सपाट असलीं तर उत्तम. एकावर उंचवटा व दुसऱ्यावर खड्डा असेल तर कानशीनें उंचवटा हलकेच काढावा. पॉलिश-कागदाचे कण टिकलींत रुततात, म्हणून तो वापरूं नये. तोंडें निळीं-काळीं जळलेलीं असलीं तर पॉइंटांबरोबर कंडेन्सरहि बदलावा.

आतां फट लावावी. हॅण्डल हळू फिरवून फायबरची टांच कॅमाच्या कोपऱ्यावर नेमकी आणावी, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडे राहतील. स्थिर टिकलीचा स्क्रू किंचित् सैल करून फट लावावी. विलीज जीपला ती ०.०२० इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर. अॅम्बेसेडरच्या ल्युकस डिस्ट्रिब्युटरला ०.०१४ ते ०.०१६ इंच. इतर गाडीस तिच्या पुस्तकांतील आंकडा पाहावा. पट्टी फटींतून किंचित् घासून जावी. ढिली जाऊं नये व अडकूंहि नये. स्क्रू आवळल्यावर फट पुन्हां मोजावी, कारण आवळतांना ती सरकते. कॅमास बोटाच्या टोंकावर मावेल इतकेंच ग्रीस लावावें व रोटराखालील नमद्यावर तेलाचे दोन थेंब सोडावेत. अधिक घातलेलें वंगण उडून पॉइंटांवर बसतें व गाडी बंद पाडतें. येथें उदारपणा कामाचा नाहीं.

फट बदलली कीं ठिणगीची वेळहि बदलते. म्हणून वेळ नेहमीं फटीनंतर लावावी, आधीं नव्हे. बॅटरीची सोडलेली तार पुन्हां जोडावी. पहिल्या सिलिंडराचा दट्ट्या दाब देत वर येतांना इंजिनावरील खूण जुळवावी. बॅटरीइतक्याच व्होल्टच्या लहान दिव्याचें एक टोंक कॉइलपासून पॉइंटाकडे जाणाऱ्या बारीक तारेच्या खिळ्यास व दुसरें इंजिनाच्या उघड्या लोखंडास जोडून चावी लावावी. पॉइंट मिटलेले असतां दिवा विझलेला राहतो, उघडतांच लागतो. डिस्ट्रिब्युटरचें धड सैल करून, दिवा नेमका लागेल त्या ठिकाणीं आणून आवळावें. रोटर ज्या दिशेस फिरतो तिच्या उलट धड वळविलें तर ठिणगी आधीं पडते; त्याच दिशेस वळविलें तर उशिरां.

गाडी अडली असतां

रात्रीं अपरात्रीं आजाऱ्यास घेऊन अमरावतीच्या आयर्विन रुग्णालयाकडे निघावें व गाडीनें दाद देऊं नये, असा प्रसंग कोणावर येईल हें सांगतां येत नाहीं. अशा वेळीं हातास येईल तें उघडीत बसल्यानें असलेलेंहि बिघडतें. क्रमानें पुढीलप्रमाणें पाहावें.

(१) टांकींत पेट्रोल आहे काय व बॅटरीचे खिळे घट्ट आहेत काय, हें प्रथम पाहावें.

(२) टोपीच्या मधली जाड तार उपसून तिचें टोंक कोरड्या लांकडी चिमट्यानें इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर धरावें व दुसऱ्यानें चावी लावून इंजिन फिरवावें. पेट्रोल सांडलेलें असेल तेथें ही परीक्षा करूं नये.

(३) जोरदार निळी ठिणगी पडली तर कॉइल, पॉइंट व कंडेन्सर निर्दोष आहेत. दोष रोटर, टोपी, तारा किंवा प्लग यांत आहे. बहुधा टोपी कोरडी पुसल्यानें काम होतें.

(४) ठिणगी पडली नाहीं तर टोपी काढून पॉइंट मिटलेल्या स्थितींत आणावे, चावी लावावी व लांकडाच्या काडीनें ते उघडून पाहावे. तेथें बारीक ठिणगी दिसली तर बॅटरीचा प्रवाह येत आहे. मग कॉइलवर किंवा कंडेन्सरवर संशय घ्यावा. मोठी भडक ठिणगी दिसली तर कंडेन्सरच गेला असें समजावें. मुळींच दिसली नाहीं तर पॉइंटांचीं तोंडें मळलीं आहेत, किंवा चावीपासूनची तार तुटली अथवा उंदरानें कुरतडली आहे.

गाडींत एक कंडेन्सर, पॉइंटांचा एक जोड, एक रोटर व कोरड्या कापडाचा तुकडा डब्यांत घालून नेहमीं ठेवावा. आणि नाल्यास पूर असेल तर गाडी पाण्यांत घालूं नये. इंजिनाचा पंखा पाणी थेट डिस्ट्रिब्युटरवर उडवितो व गाडी मध्यप्रवाहांत बंद पडते. तेथें कंडेन्सरहि तारीत नाहीं.

सारांश, डिस्ट्रिब्युटरकडे तीन कामें आहेत : प्रवाह तोडणें, वीज वांटणें व वेळ साधणें. पॉइंट स्वच्छ असले तर पहिलें होतें, टोपी कोरडी असली तर दुसरें, आणि फट बरोबर असली तर तिसरें. यांपैकीं कोणत्याहि गोष्टीस मोठें भांडवल किंवा कारखाना लागत नाहीं. तिफणीचे फण व वखराची पास ज्या दिवशीं शेतकरी तपासतो, त्याच दिवशीं त्यानें डिस्ट्रिब्युटरची टोपीहि उघडून पाहावी. या तासाभराच्या कामानें पावसाळाभर गाडीचा भरंवसा राहतो. आणि घरांतील एका मुलास त्या वेळीं शेजारीं उभें करून हात लावूं दिला, तर ही विद्या मिस्त्र्याबरोबर गांवांतून जाणार नाहीं.